किन्नौरची पहिली वारी : सराहन, सांगला, छितकुल आणि कल्पा कसे पाहावे

हिमालयातली लहान गावे आणि जुनी देवळे पाहायची आहेत, पण सुरुवात कोठून करावी, असे विचारणाऱ्याला मी हिमाचल प्रदेशातील किन्नौर सुचवतो. चारधामासारखी गर्दी येथे नसते, लेहप्रमाणे विमानातून उतरल्याबरोबर साडेतीन हजार मीटर उंचीवर सापडण्याचा प्रकार नसतो, आणि सिमल्याहून निघून सतलज नदीच्या काठाने वर जाणारा एकच महामार्ग धरला की सराहन, सांगला, छितकुल आणि कल्पा ही चारही ठिकाणे त्याच्या फाट्यांवर लागतात. यांपैकी सराहन हे सिमला जिल्ह्यात, किन्नौरच्या उंबरठ्यावर आहे आणि उरलेली तीन गावे किन्नौर जिल्ह्यातील आहेत. प्रथमच जाणाऱ्याने काय, कोणत्या क्रमाने आणि कसे करावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दिवस किती काढावेत

घरून निघून घरी परत येईपर्यंत बारा दिवस हाताशी असतील तरच निघावे. महाराष्ट्रातून चंदीगडला विमानाने किंवा रेल्वेने पोहोचणे, तेथून सिमला गाठणे आणि शेवटी तसेच परतणे यांत येऊन-जाऊन चार दिवस जातात. उरलेल्या आठ दिवसांत सराहनला दोन रात्री, सांगल्याला दोन, छितकुलला एक किंवा दोन आणि कल्पाला दोन, असा हिशेब बसतो. याच आठ दिवसांत किन्नौरपलीकडचे स्पितीचे खोरेही उरकून मनालीमार्गे उतरू, असा सल्ला अनेक जण देतात. तो पहिल्या खेपेला मुळीच ऐकू नये. तसा प्रवास करणारे लोक हिमालय गाडीच्या काचेतून पाहतात आणि घरी आल्यावर त्यांना गावांच्या नावांचा क्रमही सांगता येत नाही. माझ्या पहिल्या प्रवासात मीही हेच केले होते, म्हणून हे अनुभवाने सांगत आहे.

कोणत्या महिन्यात जावे

एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ चांगला असतो. एप्रिलमध्ये सफरचंद आणि जर्दाळूच्या झाडांना फुले येतात आणि माथ्यांवरचे बर्फ अजून खाली रेंगाळत असते. पण माझे मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा त्याहून चांगला काळ आहे. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते, सफरचंदांची तोडणी चालू असते आणि दिवाळीची सुट्टी लवकर आली तर रजेचाही प्रश्न सुटतो.

जुलै आणि ऑगस्ट मात्र टाळावेत. किन्नौरच्या वरच्या भागात पाऊस कमी पडतो, हे खरे आहे, परंतु तेथे पोहोचवणारा रस्ता सतलजच्या अरुंद घळीतून जातो आणि ती घळ पावसाळ्यात ढासळत असते. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून आलेल्या दगडांखाली सापडून नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, ११ ऑगस्टला, महामार्गावर निगुलसरी येथे दरड कोसळून एका प्रवासी बससह अनेक वाहने गाडली गेली. सह्याद्रीतील घाटात दरड कोसळते ती अनेकदा माती आणि मुरुमाची. येथे खोलीएवढे दगड सुटे होऊन येतात. त्यामुळे इतर महिन्यांतही आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर सकाळी निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का, याची चौकशी बसस्थानकावर किंवा घरमालकाकडे करावी आणि तो म्हणाला ‘आज राहा’, तर राहावे. या एका दिवसासाठीच वरच्या बारा दिवसांत थोडी ढील ठेवावी.

डिसेंबर ते मार्च या काळात छितकुल बर्फाखाली असते आणि तेथील बरेच लोक खालच्या गावांत उतरतात. पहिल्या खेपेसाठी हा काळ नाही.

उंचीचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. सिमला शहरच सुमारे २,२०० मीटरवर आहे, म्हणजे प्रवासाच्या दुसऱ्याच रात्री आपण कळसूबाईच्याही बरेच वर झोपलेले असतो. पुढे सराहन सुमारे २,१५० मीटर, सांगला सुमारे २,७०० मीटर आणि छितकुल जवळजवळ ३,४५० मीटर. सर्वसाधारण नियम असा आहे, की तीन हजार मीटरच्या आसपास पोहोचल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. सांगल्याहून छितकुलला जाताना हा नियम मोडतोच, आणि म्हणूनच सांगल्यात दोन रात्री राहणे ही चैन नसून गरज आहे.

पहिल्या प्रवासात मी सिमल्याहून निघून दुसऱ्या संध्याकाळी छितकुलला पोहोचलो होतो. रात्रभर डोके असे ठणकत होते, की उशी बदलून, पाणी पिऊन, उठून बसूनही काही फरक पडला नाही. सकाळी घराच्या मालकीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि चहा देण्याआधी ‘नीचे जाओ’ एवढेच सांगितले. सांगल्यापर्यंत उतरताच दोन तासांत मी माणसात आलो. डोकेदुखीबरोबर मळमळ, चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे असे काही झाले, तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे. उंचीच्या त्रासावरील गोळ्या ज्यांना घ्यायच्या असतील, त्यांनी त्या घरूनच डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, विशेषतः रक्तदाब, हृदयविकार किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. पाणी भरपूर प्यावे, पहिल्या दोन रात्री मद्य टाळावे आणि वर पोहोचल्याच्या दिवशी टेकड्या चढत सुटू नये.

बस की भाड्याची गाडी

कुटुंबात वयस्कर माणसे असतील तर सिमल्याहून गाडी ठरवावी. अन्यथा हिमाचल परिवहनची बस हेच उत्तम वाहन. आपल्या एसटीच्या लाल डब्यात ज्याने कोकणातले घाट केले आहेत, त्याला ती परकी वाटणार नाही. सिमल्याच्या तूतीकंडी येथील मोठ्या बसस्थानकावरून रामपूर आणि रिकाँग पिओकडे (किन्नौर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, बोलण्यात नुसते पिओ) गाड्या सुटतात. पहाटेची गाडी घ्यावी, कारण अंधार पडल्यावर या रस्त्यावर नवख्याने प्रवासात असू नये. रामपूरपर्यंत जाताना नदी डाव्या हाताला राहते, म्हणून डावीकडची खिडकी मागावी. पुढे वांगतूजवळ पूल ओलांडल्यावर ती उजवीकडे जाते.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी दोन शब्द. नारकंड्यापर्यंत रस्ता चढतो आणि तेथून सतलजच्या पात्राकडे अखंड वळणे घेत उतरतो, आणि पोट बिघडते ते या उतारावर. निघण्यापूर्वी पोटभर पराठे खाण्याचा मोह आवरावा, पुढच्या बाकांवर बसावे, मोबाइलकडे पाहू नये आणि गोळी घ्यायचीच असेल तर ती मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. आवळासुपारी बरोबर असली तर शेजारच्या प्रवाशालाही द्यावी. ओळख होण्यास तेवढे पुरते.

सामान पाठीवर मावेल इतकेच असावे. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर नेणे शहाणपणाचे, कारण दुपारी उन्हात सदरा पुरतो आणि सूर्य डोंगराआड गेला की पंधरा मिनिटांत टोपी शोधावी लागते. रोख पैसे रामपूर किंवा पिओ येथे काढून ठेवावेत आणि छितकुलमध्ये यंत्रातून पैसे मिळतील, असे गृहीत धरू नये. ओळखपत्र सर्वांजवळ असावे. या चार गावांसाठी भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. मात्र परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर असतील आणि पिओच्या पुढे स्पितीच्या बाजूला जाण्याचा विचार असेल, तर त्यांना परवाना घ्यावा लागतो.

सराहन : पहिले देऊळ

रामपूरच्या पुढे ज्यूरी येथे महामार्ग सोडून सतरा किलोमीटर चढले की सराहन येते. बुशहर संस्थानाच्या राजघराण्याची कुलदेवता भीमाकाली येथे आहे. देवीचे मंदिर पाहताना मराठी माणूस प्रथम थोडा गोंधळतो, कारण आपल्या डोळ्यांना सवय असते ती दगडी गाभारा आणि वर शिखर अशा रचनेची. येथे मात्र उंच बुरुजासारख्या इमारती, वर बाहेर झुकलेले लाकडी सज्जे आणि उतरते छप्पर दिसते. देवीही तळमजल्यावर नसून अगदी वरच्या मजल्यांवर आहे, आणि तेथे अरुंद लाकडी जिन्याने जावे लागते.

आत जाण्यापूर्वी बाहेरच पाच मिनिटे थांबून भिंतीचा कोपरा जवळून पाहावा. देवदाराची आडवी तुळई, तिच्यावर घडीव दगडांचा थर, त्यावर पुन्हा तुळई, असे थर खालपासून वरपर्यंत रचलेले आहेत आणि दोन्ही भिंतींच्या तुळया कोपऱ्यात एकमेकींवर आलटून-पालटून टेकलेल्या आहेत. दगडांमध्ये चुना किंवा सिमेंट नाही. या पद्धतीला काठ-कुणी म्हणतात. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. भूकंपाने जमीन हलली की सांध्यांना थोडेसे सरकण्यास वाव असल्यामुळे अशी भिंत हादरा पचवते. एकदा हा कोपरा नीट पाहिला, की पुढच्या प्रत्येक गावात घर, धान्याचे कोठार आणि देऊळ यांत हीच रचना आपोआप ओळखू येते.

आता नियम. पुरुषांना डोक्यावर टोपी घालावी लागते, ती प्रवेशद्वाराशी ठेवलेली असते. स्त्रिया साधारणपणे ओढणी घेतात. चामड्याची वस्तू आत नेता येत नाही. पादत्राणे काढायची, हे सर्वांना ठाऊक असते. कमरेचा पट्टा आणि पैशाचे पाकीट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. मी रांगेत पुढे पोहोचल्यावर पट्टा काढण्यास परत आलो आणि नंतर एका हाताने पँट सावरत तो जिना चढलो. कापडी पट्टा न्यावा. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, तेव्हा कॅमेरा आणि मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवावेत. सकाळच्या आणि संध्याकाळच्या आरतीला गावकरी येतात, त्यामुळे दर्शन दुपारी उरकण्यापेक्षा या दोन वेळा साधाव्यात. मंदिराच्या आवारात राहण्याच्या साध्या खोल्याही असतात. हवा स्वच्छ असेल तर समोर श्रीखंड महादेवाचा डोंगर दिसतो.

सांगला आणि कामरू

ज्यूरीहून पुढे करछम येथे बास्पा नदी सतलजला मिळते. तेथून महामार्ग सोडून बास्पाच्या खोऱ्यात सुमारे अठरा किलोमीटर चढले, की सांगला लागते. सांगल्याचा बाजार पाहून निराश होऊ नये. तो कोणत्याही तालुक्याच्या बाजारासारखा आहे. पाहायचे ते कामरू. सांगल्यापासून चालत जाता येते, आणि चालतच जावे, कारण वाट गावातल्या घरांच्या अंगणांमधून, सफरचंदाच्या बागांच्या कुंपणांलगत आणि दगडी पायऱ्यांवरून चढते.

कामरू हे बुशहर राजांचे जुने ठाणे. माथ्यावर बुरुजाच्या आकाराचा लाकूड-दगडी किल्ला आहे आणि तेथे कामाख्या देवीचे स्थान आहे. ही देवी आसाममधून आणली, असे सांगतात. येथे टोपीबरोबर कमरेला गाची, म्हणजे कापडी कमरपट्टा, बांधूनच आत सोडतात. दोन्ही गोष्टी दाराशी मिळतात आणि बांधून देणारा माणूस गाठ नीट बसली का, हे स्वतः तपासतो. हा पर्यटकांसाठी केलेला थाट नाही. गावकरीही देवासमोर तसेच जातात. मुख्य बुरुजाच्या आत सहसा जाता येत नाही, अंगणातूनच पाहून परतावे लागते, आणि त्याबद्दल हुज्जत घालणारे जे लोक भेटतात, त्यांत मराठी आवाज ऐकू आला की मला फार ओशाळल्यासारखे होते.

किन्नौरमधील देवतेविषयी एक गोष्ट समजून घेतली, तर हे सारे नियम सोपे वाटू लागतात. कोकणात ग्रामदेवतेला कौल लावून जसे गावाचे प्रश्न विचारतात, तसाच येथेही प्रत्येक गावाचा देव गावाच्या कारभारात बोलतो. त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला ग्रोक्च म्हणतात. देवाची पालखी दोन दांड्यांवर खांद्यांवरून निघते आणि ती झुलते, वळते, थांबते, त्यावरून देवाची इच्छा समजली जाते. म्हणून देवळाचे अंगण हे एका अर्थी गावाची चावडी असते. पालखी बाहेर असेल तर वाट सोडून बाजूला उभे राहावे, तिला किंवा वाद्यांना हात लावू नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. ‘नेगीजी’ अशी हाक मारली तर बहुतेक वेळा समोरचा वळून पाहतो, कारण निम्म्या किन्नौरचे आडनाव नेगी आहे.

छितकुल

सांगल्याहून रक्छममार्गे छितकुलपर्यंत वीस-बावीस किलोमीटर अंतर आहे. दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, म्हणून वेळ आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावी. हे या खोऱ्यातले शेवटचे गाव आहे. पुढे तिबेटची सीमा आहे आणि नागस्ती येथील सीमा पोलिसांच्या चौकीपलीकडे बरीच वर्षे सामान्य प्रवाशांना सोडत नसत. तेथपर्यंत नदीकाठाने जाणारी वाट सपाट आहे आणि सकाळी चालण्यास उत्तम आहे. ड्रोन नेण्याचा विचार घरीच सोडून द्यावा.

गावात पाटीजवळ आणि ‘आखिरी ढाबा’ म्हणवणाऱ्या खानावळीजवळ छायाचित्रांसाठी झुंबड असते. तेथून शंभर पावले वर, जुन्या गावात गेले की शांतता असते. स्लेटच्या पातळ दगडांची किंवा फळ्यांची छपरे, धान्याची लाकडी कोठारे आणि मधोमध माथी देवीचे देऊळ. देवीची पालखी अक्रोडाच्या लाकडाची असून तिच्यावर याकच्या शेपटीच्या केसांचे झुबके असतात. देऊळ बहुतेक वेळा बंदच असते. ते उघडून द्या, असा आग्रह धरू नये. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येथील शेतांत ओगला म्हणजे कुट्टू (बकव्हीट) गुलाबी फुलांनी भरलेला असतो. त्या शेतांत शिरून छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे गावकरी वैतागलेले असतात, तेव्हा बांधावरच थांबावे.

राहण्यासाठी घरगुती व्यवस्था निवडावी. जेवणात राजमा, भात, पोळी आणि भाजी मिळते. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. नळाचे पाणी रात्री नळातच गोठू शकते, तेव्हा झोपण्यापूर्वी एक बादली भरून ठेवावी.

कल्पा शेवटी का

पुष्कळ लोक कल्पा आधी करतात. मी ते शेवटी ठेवतो, त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे : कल्पाच्या खाली असलेल्या रिकाँग पिओहून सिमल्याची बस सुटते, त्यामुळे परतताना बसायला जागा मिळते, करछमच्या फाट्यावर हात दाखवून थांबवलेल्या भरल्या गाडीत दहा तास उभे राहावे लागत नाही.

कल्पाच्या बरोबर समोर, सतलजच्या पलीकडे, किन्नर कैलासाची रांग आहे. तिच्यातील जोरकंदन हे शिखर ६,४७३ मीटर उंच आहे आणि खालच्या कड्यावर एक सरळ उभी शिळा दिसते, तीच शिवलिंग म्हणून पुजली जाते. ती नुसत्या डोळ्यांनी चटकन सापडत नाही, म्हणून घरमालकाला बोटाने दाखवायला सांगावे. येथील सूर्योदयाची फार जाहिरात होते, पण सूर्य या रांगेच्या मागून उगवत असल्याने सकाळी शिखरे बराच वेळ काळीच राहतात. रंग पाहायचे तर संध्याकाळी पाहावेत, सूर्य आपल्या पाठीशी असताना. जुन्या गावात नारायण-नागिणी मंदिर आणि बौद्ध गोंपा, म्हणजे मठ, एकमेकांच्या जवळ आहेत आणि तीच माणसे दोन्हीकडे जाताना दिसतात. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्याम सरन नेगी याच गावचे. बर्फामुळे येथे उर्वरित देशाच्या आधी, ऑक्टोबर १९५१ मध्ये मतदान झाले होते. रोघी गावापर्यंतचा रस्ता चालत करावा. कड्याच्या बाजूला कठडा नसेल तेथे छायाचित्रासाठी मागे सरकू नये.

परतताना पिओच्या बाजारात चिलगोजा मिळतो. किन्नौरच्या जंगलातील पाईनच्या शंकूंतून निघणारा हा लांबट दाणा स्वस्त नसतो, कारण तो शंकू झाडावर चढून काढावा लागतो. सोललेला घेऊ नये, लवकर खवट होतो. सालासकट घ्यावा, दोन दाणे तेथेच दाताने फोडून पाहावेत, आतला गर पांढरट आणि ओलसर गोड लागला तर पाव किलो बांधून घ्यावा आणि सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. पिओ ते रामपूर हा रस्ता चार-पाच तासांचा आहे.